टॉवेल आणावेत

"वेंडेल, इथं पोरगी नाही."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुपारी दोन वाजता फोनवर हे वाक्य आलं, तेव्हा वेंडेल होल्कमच्या तोंडात गार टर्कीचा घास होता. आवाज कुणाचा हे कळायला घास गिळण्याचीही गरज नव्हती. गेली एकवीस वर्षं हा आवाज दर आठवड्याला 'हार्लन फॉल्स कुरिअर' या पेपरच्या खेळ विभागात फोन करून त्याच्या चुका काढत होता.

"कुठली पोरगी, मिस रेडमन?"

"कोरिन टॅगार्ट. आणखी कुठली? मी हॉलमध्ये उभी आहे. चार संघांच्या पोरी आहेत, त्यात आपली नाही. दारावरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणतो प्रेअरी फोर्क कॉलेजचं नाव आहे, पण संघ इथं नाही. नाव आहे आणि संघ नाही, हा काय प्रकार?"

"तुम्ही नेमक्या कुठे आहात?"

"प्वेर्तो रिकोत. बाहेर पोपट ओरडतायत. हातात टॉवेल आहे. तूच लिहिलं होतंस ना, टॉवेल आणावेत म्हणून?"

वेंडेलने घास गिळला.

त्याने तसं लिहिलं होतं खरं. दर नोव्हेंबरला तो हेच लिहीत असे. सणाच्या आठवड्यात कॉलेजांचे संघ कुठल्या ना कुठल्या बेटावर जायचे, हॉटेलच्या सभागृहाला पडदे लावून तीनशे रिकाम्या खुर्च्यांसमोर बास्केटबॉल खेळायचे, आणि एखादी गाद्या विकणारी कंपनी त्याला 'महास्पर्धा' म्हणायची. या स्पर्धांचं भाकीत लिहिण्याचं काम वेंडेलकडे होतं. एकवीस वर्षांत त्याने त्यातली एकही स्पर्धा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पेपर त्याला तालुक्याच्या वेशीबाहेर पाठवत नसे, आणि तोही आग्रह धरत नसे. उंटावरून शेळ्या हाकायला त्याची काहीच हरकत नव्हती, कारण शेळ्यांबद्दल त्याला तुच्छतेपलीकडे काही वाटत नव्हतं.

त्याची पद्धत सोपी होती. गेल्या वर्षीचा मजकूर काढायचा आणि नावं बदलायची. पहिला संघ 'बलाढ्य', दुसरा 'तरुण पण भुकेला', पाचवा 'धक्का देऊ शकेल'. आठव्या संघासाठी एकच ओळ एकवीस वर्षं जशीच्या तशी छापून येत होती: 'उन्हात बसायला येणार. टॉवेल आणावेत.' या ओळीवर तो स्वतः अजूनही हसायचा. मुलींच्या स्पर्धेला पानाच्या कोपऱ्यात चार ओळी मिळायच्या, आणि त्या तो जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने लिहायचा. यंदा एवढंच नवीन होतं की आठव्या संघात गावची पोर निघाली, म्हणून 'आपली कोरिन टॅगार्ट याच संघात' हे पाच शब्द त्याने घातले होते.

"थांबा हं, बघतो," असं म्हणून त्याने ऑफिसच्या टेबलाचा खण उघडला. चिनी हॉटेलच्या मेनूकार्डाखाली आयोजकांचा फॅक्स होता. पहिलं पान चुरगळलेलं, दुसरं कोरं करकरीत. दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: आठपैकी चार संघ बेटावर खेळतील, उरलेल्या चार संघांचे सामने इंडियानातल्या कॉल्टर जंक्शन गावी, शाळेच्या हॉलमध्ये. स्पर्धेचं नाव मात्र सगळ्यांना तेच, 'पेलिकन बे क्लासिक'.

"मिस रेडमन, छपाईत काहीतरी घोटाळा…"

"दोरावर लटकल्यासारखा बोलू नकोस."

बावन्न वर्षांच्या माणसाला गप्प करायला तेवढं पुरेसं होतं. ऑगस्टा रेडमन अडतीस वर्षं गावच्या शाळेत व्यायाम शिकवत होती आणि मुलींचा बास्केटबॉलचा संघ बांधत होती. वेंडेल सातवीत असताना दोर चढायला गेला, अर्ध्यावर अडकला आणि रडायला लागला. तेव्हा ती खालून सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती, "उतर आता वेंडेल, दोराला त्रास होतोय." तो मोठा झाल्यावर खेळांवर लिहू लागला आणि कुठल्याही खेळाडूला चांगलं म्हणेनासा झाला, याला हेच कारण आहे असं गावात काही लोक मानत. तो स्वतः ते मानत नसे. पण तिचा फोन त्याने एकदाही न घेता सोडला नव्हता.

"कुठे आहे मग ती?"

त्याने फॅक्स वाचून दाखवला. पलीकडे खरोखरच पोपट ओरडत होते.

"इंडियाना," ती म्हणाली. "आपल्या गावापासून गाडीने तीन तास."

"हो."

"तुझा हा कागद तुझ्याकडे कधीपासून होता?"

"तीन आठवडे."

"एकवीस वर्षांत तुझं एकच वाक्य मी तपासलं नाही, वेंडेल. एकच. पाच शब्द होते, आणि त्यात आपल्या पोरीचं नाव बरोबर लिहिलं होतंस. मला वाटलं, नाव बरोबर आहे म्हणजे बाकीचंही असेल."

एरवी ती त्याला शिव्या घालायची तेव्हा त्याला बरं वाटायचं, कारण मग तिचा राग करता यायचा. आज ती शिव्या घालत नव्हती.

तिच्या डोळ्यांचं गावात सगळ्यांना माहीत होतं. सप्टेंबरात डॉक्टरांनी तिचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा तिने त्या डॉक्टरला 'तू नववीत असताना तुला चेंडू दिसत नव्हता' असं सुनावलं होतं. पण डॉक्टर खरं बोलत होता. डोळ्याच्या मधोमध काळं धरत चाललं होतं. उन्हाळा येईतो फक्त कडेकडेचं दिसणार होतं, समोरचं नाही. कोरिन ही तिने घडवलेली शेवटची खेळाडू, आणि कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. नेब्रास्कातल्या त्या कॉलेजचे सामने टीव्हीवर येत नसत, आणि बर्फातून नऊशे मैल तिला नेणार कोण? बेटावर विमान थेट जात होतं आणि हॉटेलला लागूनच हॉल होता. पोरीला न कळवता जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, एवढाच बेत होता.

"परतीचं विमान?" वेंडेलने विचारलं.

"रविवारी. त्याआधी जागा नाही. अख्खा देश टर्की खाऊन घरी निघालाय. तिचा सामना कधी?"

"एक आज झाला. शेवटचा उद्या सकाळी अकराला."

"सकाळी अकराला कोण बास्केटबॉल खेळतं?"

"हरलेले."

"मग लवकर ऊठ," मिस रेडमन म्हणाली. "हॉटेलचा नंबर लिहून घे. आणि वेंडेल, दुसरं पान वाच एखाद्या वेळी."

दुसऱ्या दिवशी कॉल्टर जंक्शनला पोचेपर्यंत वेंडेल सगळ्यांना शिव्या देत होता. आयोजकांना, गाद्यांच्या कंपनीला, इंडियानाला, आणि म्हातारपणी बेटं हिंडणाऱ्या बायकांना. हॉल पाहून त्याला जरा समाधान वाटलं, कारण हॉल त्याच्या अपेक्षेपेक्षाही भिकार होता. भिंतीवर कागदाचं माडाचं झाड चिकटवलं होतं. हीटर बंद होता. चाळीसएक माणसं कोट घालून बसली होती आणि माइकवरचा माणूस त्यांना म्हणत होता, "नंदनवनात आपलं स्वागत आहे!"

त्याने मोबाइल लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"बोल."

"सुरू झालाय सामना. कोरिन खेळतेय. संघाची धुरा तिने अतिशय खंबीरपणे…"

"हे पेपरात लिही. पाय कुठे आहेत तिचे?"

"पाय?"

"दोन असतात माणसाला. समोरची पोर चेंडू घेऊन येते तेव्हा कोरिनचा पुढचा पाय कुठला?"

एकवीस वर्षं त्याने गुणफलक पाहिला होता, पाय पाहिले नव्हते. तो उठून खालच्या बाकावर जाऊन बसला.

"डावा."

"गुडघा वाकलाय?"

"वाकलाय. दुसऱ्या सगळ्या ताठ उभ्या आहेत. ही एकटीच वाकलीय."

"हं," ती म्हणाली. तो 'हं' वेंडेलने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. "पुढे."

मग तो सांगत सुटला. फलकाकडे पाहायला त्याला सवड मिळाली नाही. कोरिनने पास कुठल्या हाताने दिला, पडल्यावर कोण उठवायला आलं, पंचाने चुकीची शिट्टी वाजवल्यावर तिने तोंड उघडलं की मिटलं. मिस रेडमन मधूनच त्याला अडवायची: "'छान' म्हणजे काय? किती फुटांवरून?" किंवा "तू खेळाडूबद्दल सांगतोयस की हवामानाबद्दल?" शेजारी बसलेला एक बाप वळून म्हणाला, "अहो, जरा हळू. सामना आम्हालाही दिसतोय." वेंडेलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संघ हरत होता. चांगला सणसणीत हरत होता. एक मिनिट उरलं असताना कोरिनला दोन फ्री थ्रो मिळाले, कुणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचे.

"किती मागे आहेत?" मिस रेडमनने विचारलं.

"एकतीस."

"म्हणजे या दोनांनी काही फरक पडणार नाही."

"नाही."

"ती काय करतेय?"

"चेंडू फिरवतेय. शिवण बघतेय वाटतं. थांबली. अजून थांबलीय. सगळे वैतागलेत तिच्यावर."

"थांबू दे."

"टाकला." पेपरात असली वाईट बातमी वेंडेल बिनदिक्कत लिहून मोकळा झाला असता. "गेला नाही. दुसराही नाही."

"कोपर?"

"आत होतं. दोन्ही वेळा."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि तिने नाक शिंकरलेलं ऐकू आलं.

भोंगा वाजला. माणसं कोटाची बटणं लावत निघाली. कोरिन पंधरा पावलांवर बाकावर येऊन बसली.

"मिस रेडमन, ती समोरच आहे. देऊ तिच्याकडे फोन?"

"खबरदार! तिला काय सांगू, मी टॉवेल घेऊन बेटावर आलेय म्हणून? माझं हसं झालंय ते तुझ्यापुरतं राहू दे. तेवढं देणं लागतोस तू माझं."

"बरं."

"काय करतेय ती आता?"

"बूट काढतेय."

शाळेत मिस रेडमनचा एक नियम होता, तो गावातल्या प्रत्येक मुलीला पाठ होता आणि त्यावरून सगळी मुलं तिची टिंगल करायची, वेंडेल सगळ्यांत जास्त. हरल्यावर बूट ओरबाडून फेकायचा नाही. आधी लेस सोडायची, मग बूट काढायचा. जी फेकेल ती पुढचा सामना बाकावर बसेल.

"कसे काढतेय?" तिने विचारलं.

कागदी माड उतरवायला आलेला एक माणूस नेमका मध्ये उभा होता. वेंडेलने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि आपल्या गुडघ्यांचा विचार न करता तो खाली वाकला.

"लेस सोडतेय," तो म्हणाला. "डावी सुटली. उजवीला गाठ बसलीय. नखाने सोडवतेय."

"सुटली?"

"अजून नाही."

हॉलमधले दिवे एकेका रांगेने बंद व्हायला लागले. वेंडेल होल्कम वाकलेलाच होता.

"थांबा जरा," तो फोनमध्ये म्हणाला. "बघतोय मी."