सगळ्यात उंच

अक्काताईनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि ती पहिल्या डब्यात, अगदी पुढच्या जागेवर जाऊन बसली. इंजिनीअर ज्योत्स्नानं तिच्या मांडीवर लोखंडी दांडा ओढला आणि हलवून पाहिला.

"आक्का, मागं बस की. पुढं लई भ्या वाटतंय," शेजारी बसत रविराज म्हणाला.

"मागनं काय दिसणार रं?"

निपाणीजवळ, हायवेलगतच्या माळावर रविराजनं देशातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर उभारला होता. खरं तर दोनदा उभारला. पहिल्या खेपेला, उद्घाटन तोंडावर आलेलं असताना मधले खांब खचले. डागडुजीनं भागणार नाही, सगळं उतरवून पाया खडकापर्यंत न्यावा लागेल, असं ज्योत्स्नानं स्पष्ट सांगितलं. तोवर रविराजचं शेत, बेळगावातलं घर, बायकोचे दागिने, सगळं त्यात गेलं होतं. तेव्हा या थोरल्या बहिणीनं आपल्या वाट्याची नदीकाठची जमीन विकली. सही करताना फक्त एकच विचारलं, "सगळ्यात उंच हुईल न्हवं?"

आज माणसं बसवून पहिली फेरी होती. आणि आज सकाळीच रविराजला कळलं होतं, की उत्तरेकडच्या एका पार्कात याहून उंच कोस्टर काल सुरू झाला. त्यानं ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

साखळीनं गाडी धरली आणि खडखडत वर ओढली. खालची माणसं ओळखू येईनाशी झाली. हायवेचा आवाज विरला. तवंदीचा डोंगर बरोबरीला आल्यासारखा वाटू लागला. चाचणीसाठी गाडी माथ्यावर थांबवायची होती. ती थांबली. नुसता वारा उरला.

अक्काताईनं दांड्यावरची मूठ सैल केली. उसाच्या हिरव्या पट्ट्यांमधून वेदगंगा लांबवर चमकत गेली होती.

"ह्या नदीला एवढी वळणं हायत व्हय? जलम काठाला गेला, कधी कळलंच न्हाय." मग तिनं बोट केलं. "त्ये बघ आपलं रान. पाण्यानं कसं कवेत घेतलंय."

विकलेल्या त्या रानाकडे रविराजला बघवेना. आता तिच्यापासून लपवणंही जमेना.

"आक्का, आपला आता सगळ्यात उंच ऱ्हायला न्हाय. उत्तरंकडं दुसरा झालाय. कालच."

ती त्याच्याकडे वळली.

"ह्याच्यापरीस उंच?"

"व्हय."

ती आता त्या रानाकडे बघेल, म्हणून त्यानं मान खाली घातली. पण तिची नजर वर गेली होती. डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात, जिथं रूळ नव्हता, खांब नव्हता, तिथं ती किती तरी वेळ बघत राहिली.

"मग तिथनं काय काय दिसत आसंल रं," ती हळूच म्हणाली.

गाडी पुढे सरकली. समोरचा रूळ दिसेनासा झाला. रविराजनं डोळे मिटले, अक्काताईनं नाही.