दोरावरचा थांबा

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात रत्नागिरीच्या टॉकीजला पाण्याखालचा सिनेमा लागला आणि मांडवीतल्या लोकांनी आत्मारामचं डोकं खाल्लं. जो भेटेल तो म्हणे, "काय ओ आत्मारामशेट, तुमचा धंदा पडद्यावर आला, बघितलात की नाय?" एरवी आपण मुंबईत काय करायचो हे याच लोकांना समजावताना त्याच्या तोंडाला फेस यायचा. पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी जायचं, बुडालेल्या बार्जला तारेचे फास अडकवायचे, असलं काम कुणी पगार घेऊन करतं हे त्यांना पटतच नसे. आता सिनेमावाल्यांनी केलं, तेव्हा पटलं!

पण बघायची खरी हौस तुळसाला होती. तुळसा म्हणजे धाकूची बायको, भाट्याची. धाकू आणि आत्माराम एकाच कंपनीत, पाण्यात उतरायचे ते जोडीनं. पाच वर्षांपूर्वी धाकू गेला. "ते खाली काय बघायचे, ता मला एकदा बघूचा हाय," असं ती म्हणाली, तेव्हा आत्मारामला भरून आलं. बायकोला, गंगाला, बरोबर घेऊन त्यानं तीनच्या खेळाची तिकिटं काढली.

धाकू कसा गेला ते त्यानं तुळसाला पूर्वीच सांगितलं होतं, तेही तिच्या सासूदेखत. धाकूचा पाय तारेत गुंतला. आत्मारामनं सोडवला, पण तोवर धाकूची हवा संपली. आत्मारामनं आपली नळी त्याच्या तोंडाशी धरली, तर घाबरलेल्या धाकूनं ती झिडकारली, बुडी राहावी म्हणून कमरेला बांधलेलं शिसं सोडलं आणि श्वास कोंडून तो सरळ वर सुटला. वर येताना कोंडलेली हवा फुगली, छाती फुटली त्याची. आत्माराम मागोमाग गेला नाही. खोलातून वर येताना दोराला धरून मध्ये थांबावं लागतं, एका गाठीशी, मग वरच्या गाठीशी. नाही थांबलं तर गोळी सोड्याची बाटली फोडल्यासारखं रक्त फसफसतं. तो थांबला. थांबून वर आला तेव्हा धाकूवर चादर घातलेली होती.

तुळसानं ते ऐकलं आणि मानलं. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. सगळ्या जगात त्या थांब्याचा अर्थ कळलेलं ते एकच माणूस होतं, आणि आत्माराम त्या एका माणसाच्या भरवशावर ताठ मानेनं हिंडत होता.

मध्यंतरापर्यंत सिनेमा झकास होता. टाकी खरी, काचेचा मुखवटा खरा, बुडबुडेसुद्धा खरे. आत्माराम पोरासारखा हरखला. "ती खूण बघितलीस? सगळं ठीक, असा अर्थ. आम्ही हीच करायचो. खरं आहे, तुळसे, अगदी खरं आहे हे!" तुळसा पदर तोंडाशी धरून बघत होती. तिला पडद्यावर धाकूच दिसत होता.

मग हिरोच्या मित्राचा पाय जहाजात अडकला.

हिरोनं पाय सोडवला, मित्र तडफडत वर सुटला, आणि हिरोसाहेब त्याच्यामागे बाणासारखे निघाले! ना दोर, ना थांबा. वर येऊन पठ्ठ्यानं मित्राची छाती दाबली, मित्र खोकला, उठून बसला, आणि दोघं गळ्यात गळे घालून हसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"खोटं आहे!" आत्माराम ताडकन उभा राहून ओरडला. "थांबायला पाहिजे! मरेल तो!"

"ओ काका, खाली बसा! हिरो कधी मरतो काय?" मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळं थेटर हसलं. त्यांच्या बापाचं काय जात होतं?

बाहेर पडल्यावर तुळसा स्टँडपर्यंत दोन पावलं पुढेच चालली. भाट्याची गाडी लागलेली होती. तेव्हा ती वळून म्हणाली, "दादा, तो मागोमाग गेला."

"सिनेमा आहे तो, तुळसे. खऱ्यात तसं नसतं."

"टाकी खरी म्हणालात. खुणा खऱ्या म्हणालात. मगे एवढाच खोटा कसा?"

त्यानं रक्ताचं सांगितलं, दाबाचं सांगितलं, त्या भरात भर स्टँडवर त्याचा आवाज चढला. तुळसा मान हलवत राहिली, मासळी महाग पडली की गिऱ्हाईक हलवतं तशी. आपणच शेजारी बसून, एकेक गोष्ट दाखवून, त्या सिनेमाची हमी भरली होती, हे आत्मारामला बोलता बोलता कळलं.

"जाते," तुळसा म्हणाली. निरोप घेताना आपल्याकडे कुणी असं म्हणत नाही, "येते" म्हणतात. ती गाडीत चढली, आणि त्यांच्या बाजूच्या खिडकीशी जागा असून पलीकडे बसली.

घरी आल्यावर गंगानं दिवा लावला, बांगडे तळले, पान मांडलं. आत्माराम पाटावर बसून तणतणत होता, सिनेमावाल्यांच्या सात पिढ्या काढत होता. तिनं ऐकून घेतलं. मग भात वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "एक विचारू? घाबरलात ना तुमी तेव्हा?"

त्यानं वर बघितलं.

"मी नाय कुणाला बोलायची. मला पयल्यापासना ठाऊक हाय. आणि खरा सांगू? घाबरलात ता बरा केलात. माझा कुंकू ऱ्हायला."

तिच्या डोळ्यांत माया होती, नुसती माया. त्या मायेची आत्मारामला किळस आली. पाच वर्षं ही बाई त्याला माफ करत होती, आणि त्याला पत्ताही नव्हता. तिनं मोठा तुकडा निवडून त्याच्या पानात वाढला. त्यानं तो काटे काढून खाल्ला.