म्हाताऱ्या डोंगरावरचं ताट

मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या खोऱ्यातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. त्यात त्या दिवशी डोंगरापलीकडे सासूबाईंच्या बहिणीकडे मयत झालं होतं, आणि मयताच्या घरी तोंड चालवणं हे आम्हा सुनांचं कामच. मेलेल्याची टोपी घालायची, त्याच्यासारखं लंगडायचं, खोकायचं, रडणाऱ्यांना हसवायचं. गेलेले काका, म्हणजे त्या बहिणीचे यजमान, बिअर प्यायले की कोंबड्यांपुढे भाषण करायचे. ते भाषण मी असं ठोकलं की खुद्द त्यांची बायको तोंडात कापड कोंबून हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

मूठमाती झाली, जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "डोंगरावरून जाऊ. रिंदाई शेजाऱ्यांकडे आहे, उगाच उशीर नको."

रिंदाई माझी मुलगी. तिचं नाव काढलं की माझं काही चालत नाही, हे त्यांना बरोबर कळतं.

"अहो आई, रस्त्याने जाऊ की. बस येईलच."

"बस येईल आणि तू बसमध्ये बडबडशील. डोंगरावर निदान तोंड मिटशील."

त्या डोंगराचं नाव आम्ही घेत नाही, नुसतं म्हातारा म्हणतो. वरच्या जोडखडकांपासून पुढे म्हाताऱ्याचं राज्य. तिथे काहीही दिसो, नवल करायचं नाही. पुढ्यात येईल ते खायचं, पण चांगलं म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही. काही उचलून आणायचं नाही. आणि ओळखीचं माणूस दिसलं तरी हाक मारायची नाही. शाळेचे एक मास्तर तिथे "अरे वा!" म्हणाले होते. नंतर त्यांची फक्त टोपी सापडली.

जोडखडकांपाशी मी म्हटलं, "आई, तुम्ही पण जपा हं."

"मला शिकवतेस? याच्याच पायथ्याशी लहानाची मोठी झाले मी. तू तुझ्या जिभेचं बघ, रिंदाईची आई."

झालं. मी ओठ दाताखाली धरले आणि निघाले.

थोडं चढलो तोच धुकं उतरलं आणि पायवाट गेली. सासूबाई काठी टेकत पुढे, मी त्यांच्या मागे. आमच्याकडे मक्याची नुकती पेरणी झाली होती, आणि इथे हातभर कणसं लोंबत होती. मी मान वळवली. एक पितळी हंडा चढावर आपला आपण गडगडत गेला. मी पायाकडे बघत चालले. मग झुडपावर लाल घोंगडी, कोरी करकरीत, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. सासूबाईंचे गुडघे थंडीत असे धरतात की त्या रात्ररात्र कण्हतात. त्यांनी घोंगडीकडे एकदा पाहिलं आणि काठीने झुडूप बाजूला सारून पुढे गेल्या. तेव्हा मात्र मला त्यांचं कौतुक वाटलं. बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर सांगितलं असतं.

मग सपाट दगड आला आणि दगडावर ताट. वाफाळता सद्झा, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि शेजारी भोपळ्याच्या पानांची भाजी, शेंगदाण्याचं कूट घातलेली. हात धुवायला पाणी पण ठेवलेलं. पुढ्यात आलं म्हणजे खायलाच हवं. आम्ही बसलो. भाजीत मिठाचा कण नव्हता! लग्न होऊन आल्यापासून माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवणारी बाई ती आळणी भाजी मुकाट्याने चावत होती, आणि मला हसू दाबता दाबता घाम फुटला.

तेवढ्यात मला मशीन दिसलं. पायाने चालवायचं शिवणाचं मशीन, काळंभोर, बाजूला निळ्या कापडाचा तागा. माझा नवरा फरिसाई जोहान्सबर्गला खाणीत कामाला गेला तेव्हा सांगून गेला होता, पहिल्या पगारात मशीन पाठवतो. तेव्हा रिंदाई रांगत होती. आता ती डोक्यावर पाण्याची बादली घेऊन येते. ना मशीन आलं, ना तो, ना त्याचा निरोप. मी त्या मशीनकडे बघत राहिले. मशीनपाशी कुणी नव्हतं, आणि कुणी असावं असं मला वाटलंही नाही. हे मला तिथे, घास चावता चावता कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

शेजारी काठी पडल्याचा आवाज झाला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात पुढे, डोळे मशीनच्याही पलीकडे धुक्यात कुठेतरी, आणि ओठ हलत होते. "फ" त्यांच्या दातांवर आलाच होता.

आमच्याकडे सून सासूच्या अंगाला हात लावत नाही. गुडघे टेकून वाढायचं, नजर खाली ठेवायची, अशी रीत. माझ्या हातात सद्झाचा गोळा होता. मी उठले, डाव्या हाताने त्यांची मान धरली आणि तो गोळाच्या गोळा त्यांच्या तोंडात कोंबला.

त्या मला चावल्या. चांगलं रक्त निघालं. मी हात काढला नाही. अशा नजरेने बघितलं त्यांनी माझ्याकडे, की मेले असते तर बरं, असं वाटलं. पण तोंडात घास असला की माणसाला गिळावंच लागतं. त्यांनी गिळला तोवर माझा दुसरा तयार. मग तिसरा. त्या रडत होत्या आणि खात होत्या, आणि मी वेड्यासारखी भरवत होते, मनात एकच, की बाई गं, बोलू नकोस, तू पण जाऊ नकोस. आमच्या घरात आता तू, मी आणि ती पोर, एवढंच उरलंय.

ताट रिकामं झालं आणि धुकं विरलं. मशीन नाही, कुणी नाही, नुसतं गवत, आणि दगडाच्या बाजूनेच खाली उतरणारी पायवाट. मी काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

घरी पोचलो तरी त्या बोलेनात. म्हाताऱ्याचं राज्य मागे पडून किती वेळ झाला होता, आता बोलायला मोकळीक होती, तरी नाही. रिंदाईने पाणी दिलं, नुसतं प्यायल्या. अंगाने आणली आणि आतली बाई वरच राहिली की काय? मी चूल पेटवली, तीच भाजी रांधली, गुडघे टेकून ताट पुढे ठेवलं आणि शिव्यांची वाट बघत बसले. मान धरली होती ना मी.

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. मग हळूच म्हणाल्या, "वाळला होता का गं तो?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"हो, आई. तोंड अगदी उतरलं होतं."

"तोंड?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे तर त्याची पाठ होती. सारखा लांब लांब चालला होता. म्हणून तर हाक मारायची होती."

मी खाली बघितलं. बोटाला बांधलेल्या चिंधीतून लाल दिसत होतं.

"तुला काय दिसलं? खरं सांग."

"मशीन. शिवणाचं."

"आणि तो?"

"नाही, आई. तो नाही दिसला."

आता काय होतंय, म्हणून मी अंग चोरलं. सासूबाईंनी डोळे पुसले, माझा चावलेला हात ओढून घेतला आणि चिंधीची गाठ नीट बांधली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मशीन निदान जागेवर उभं तरी होतं."

मग त्यांनी ताट मधोमध सरकवलं आणि मला जवळ बसायची खूण केली.

"जेव. आणि भाजीत मीठ कमी आहे."