ओवलेल्या चार सुया

दाभण वीतभर लांब. टोकाला तीन धारा. ताडपत्रीत शिरताना कर्र वाजतं.

मये गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर. देवकी आत, सगुण बाहेर चहा पीत उभा.

मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. हातातल्या सुईचं शेपटाकडे.

आमोण्याच्या धक्क्याला बांधलेला खनिजाचा बार्ज. डेकवर गवत उगवलंय.

"हातभर दोरो. तुमची ताडपत्री न्हय ही," देवकी म्हणायची.

चिंध्यांची उशी. तिच्यात चार सुया टोचलेल्या, चारही ओवलेल्या.

त्यातली एक सुई सून गौरवीनं उपटली, तसा सगुण बाल्कांवातून, दारापुढच्या ओट्यावरून, उठून आत आला.

"ती नाका गो."

"कित्याक, बाबा? आईंची वाकळ अर्धीच रवली हा. महिन्याभरान पोर येतला. तेका काय ताडपत्रीत गुंडाळू?"

सगुणनं सुई परत उशीत टोचली, तिच्याच भोकात.

तीस वर्षं त्यानं खनिजाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या होत्या. खाणी थांबल्या, ट्रक थांबले, आणि तो बाल्कांवात मांडीवर हात ठेवून बसू लागला. कोणी हाक मारली तरी मान वळवत नसे. अशाच एका सकाळी त्याची बायको देवकी वाकळ पसरून बसली आणि म्हणाली, "ऐकलां? माका दिसना. इतकी सुय ओवून दियात."

दाभणात सुतळी सारणाऱ्या माणसाला ते नेढं सापडायला अर्धा तास लागला. दोरा घातला तोही वावभर, दोन्ही हात पसरू तेवढा. देवकीनं तोडून हातभर केला. दुसऱ्या दिवशी दोन सुया. मग चार. मग रोज सकाळी नऊ, देवकीला संध्याकाळपर्यंत पुरतील एवढ्या. चहा निवला तरी तो म्हणायचा, "थांब, दोन उरल्यात." तिठ्यावर कोणी विचारलं, सगुण, आता काय करतोस, तर म्हणायचा, "काम आसा."

पाच महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळीही त्यानं नऊच ओवल्या. पाच सुयांचा दोरा वाकळीत गेला. मग देवकीच्या छातीत कळ आली.

"तुका नवी ओवून दितां," सगुण म्हणाला.

डब्यातून त्यानं कोरी सुई काढली. दोरा तिरपा कापला, ओठात ओला केला. उजेडाकडे धरला. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. टोक पिंजारलं. पुन्हा कापला. गौरवीनं मदतीला हात पुढे केला नाही. "सावकाश," एवढंच म्हणाली.

पाचव्या खेपेला त्यानं सुई खाली ठेवली.

"आतां माकाच दिसना."

सुई कुणाच्या हातात द्यायची नसते, नातं तुटतं असं देवकी म्हणायची. सगुणनं उशी जमिनीवर ठेवली आणि गौरवीकडे सरकवली.

आधी तांबडा दोरा गेला, मग हिरवा, मग एक पांढरा. देवकीच्या लुगड्यांवर गौरवीचे टाके मुंग्यांच्या वाट चुकलेल्या रांगेसारखे चालले होते. सगुण प्रत्येक टाका बघत होता. दुपारपर्यंत वाकळीची वीतभर कड राहिली आणि उशीत एक सुई. गौरवीनं तिला हात लावला नाही. उशी जमिनीवरूनच परत त्याच्यापुढे सरकवली.

"ही तुमी घाला."

"माका ताडपत्रीचेच टाके येतात."

"तेच घाला. पाणी शिरचा नाय."

"बाळाचा पाणी आतसूनच येता गो."

गौरवी पोटावर हात धरून हसली. सगुणही हसला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग वाकळ मांडीवर ओढून घेतली.

त्यानं दुहेरी टाके घातले, मोठे, तिरपे, आवळून. नेढं डोळ्यांनी शोधावं लागायचं, कड बोटांनीच कळत होती. दोरा कमी होत गेला. टाके आपसूक लहान लहान पडू लागले, तरीही तो संपला. गाठ मारून सगुणनं उरलेलं टोक दातांनी तोडलं, देवकी तोडायची तसं. रिकामी सुई उशीत टोचली. उशी पुन्हा खिडकीत ठेवली, जिथं सकाळचं ऊन येतं.

देवकीनं पहिल्यांदा सुई ओवून मागितली, त्याच्या आठच दिवस आधी मयेच्या शिबिरात डॉक्टरांनी तिच्या हाती सुई-दोरा दिला होता, आणि तिनं पहिल्याच खेपेला ओवून दाखवला होता.