अठरा मिनिटं

नव्या इमारतींच्या जाहिरातींसाठी ड्रोनने चित्रीकरण करणं हा त्या फोटोग्राफरचा धंदा. त्या दुपारी तो विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, एका बिल्डरच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर उभा होता. ड्रोनच्या रिमोटच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : इथे उड्डाणास मनाई. ती सूचना बंद करायची युक्ती त्याला ठाऊक होती.

"दोन मिनिटांचं तर काम," तो पुटपुटला आणि ड्रोन वर गेला.

तासाभरात पोलिसांनी त्याला विमानतळावरच्या कचेरीत नेलं. समोर नियंत्रण कक्षातल्या अधिकारी बाई बसल्या होत्या.

"विमान उतरत होतं. वैमानिकाला तुमचा ड्रोन दिसला, त्याने विमान पुन्हा वर घेतलं. आकाश मोकळं असल्याची खात्री होईपर्यंत धावपट्टी बंद ठेवावी लागली. अठरा मिनिटं."

"पण मॅडम, धडक तर झाली नाही ना? एवढंसं तर यंत्र!"

"एवढंसं यंत्र इंजिनात गेलं असतं तर?" बाईंचा आवाज जराही चढला नाही. "त्या विमानात एका आजोबांच्या छातीत कळा येत होत्या. खाली रुग्णवाहिका तयार होती."

"मग?"

"गेले."

"माझ्यामुळे?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. त्यांच्या मुलीनेही मला हेच विचारलं. काय सांगू तिला?"

दाखवतील तिथे त्याने सह्या केल्या. ड्रोन जप्त झाला. घरी बायकोने ताट वाढलं. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"अहो, काहीतरी बोला," ती म्हणाली.

रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. आत सगळं बधिर झालं होतं.

चौथ्या दिवशी त्याच बिल्डरचा फोन आला. "दुसरा ड्रोन आणा की! कोण बघतंय?"

"नाही!" तो एवढ्या जोरात ओरडला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आले होते.

पुढच्या रविवारी फोटोग्राफरांच्या बैठकीत त्याने सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"अरे, डॉक्टरच म्हणतात ना, सांगता येत नाही? मग तू कशाला जिवाला लावून घेतोस?" एकाने विचारलं.

"म्हणूनच. परवानगी घेऊन उडवला असता, तर 'माझ्यामुळे नाही' एवढं तरी मला छातीठोकपणे म्हणता आलं असतं."

मित्रांनो, ड्रोन उडवण्याआधी नकाशा पाहा. विमानतळ जवळ असेल, तर परवानगीशिवाय तो पेटीतून काढूच नका. वर कुणाचा बाप, कुणाची मुलगी खाली उतरायची वाट पाहत असते.