फुलीखालचा हात

सेफ्टी फिल्ममधला तो हात मला जमत नव्हता. तारापूरच्या एका रंगांच्या कारखान्यासाठी आम्ही ती फिल्म पालघरच्या स्टुडिओत बनवत होतो. हातमोजे न घालणाऱ्या कामगाराचा हात हवा होता: नखांशी गडद निळा, मनगटापर्यंत येताना कातडीच्या रंगात विरलेला. थ्रीडीत यासाठी ग्रेडियंट लावतात. एका पट्टीवर रंगांचे थांबे ठेवायचे, मधल्या छटा संगणक भरतो. माझ्या छटा फार गुळगुळीत येत होत्या.

"रंगवल्यासारखा वाटतोय," मेहुल म्हणाला. स्टुडिओ त्याचाच. "कुणाचा तरी खरा हात बघ ना."

खरा हात माझ्या फोनमध्ये होता. बाबा तारापूरलाच रंगांच्या दुसऱ्या एका कारखान्यात होते. गेल्या पावसाळ्यात ते गेले. फोटोत त्यांनी चहाचा ग्लास धरलाय आणि हात झाकायचा राहून गेलाय. एरवी लग्नाकार्यात उजवा हात खिशात असायचा. हळद आंब्याच्या पानाने लावायची रीत आहे, याचं माझ्या लग्नात त्यांना फार बरं वाटलं होतं.

मी फोटो उघडला आणि त्यातून एकेक रंग उचलत गेले. नखांच्या कडांचा जांभळट काळा, पेरांच्या घड्यांतला निळा, मग मळका हिरवा. अनामिकेवर काढलेल्या अंगठीच्या जागी फिकट पट्टा होता, तोही घेतला. हात पहिल्याच खेपेला जिवंत झाला.

"जबरदस्त!" मेहुल म्हणाला. "कुठला गबाळ्या शोधलास हा?"

"कुठला नाही. मनानेच केला," मी म्हणाले आणि हसले.

त्याने हातावर लाल फुली टाकली. खाली अक्षरं आली: निष्काळजीपणा.

कारखान्याच्या कँटीनमध्ये फिल्म पहिल्यांदा दाखवली. पडद्यावर भिंतभर हात आला, तसं मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ये तो भूत का हाथ है! रात को खाना मत परोसना इससे!" हशा झाला. मीही कामाचं कौतुक झाल्यासारखी उभी होते.

चहाच्या वेळी पंढरीकाका समोर आले. ते बाबांच्या पाळीतले. तो कारखाना बंद पडल्यावर ते इथे लागले होते, हे मला माहीत नव्हतं.

"बळवंतचा हात ना गं तो, समिधा?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"अंगठीच्या पट्ट्यावरून ओळखला. मोजे कुठे होते तेव्हा? तुझ्या बापाने साहेबाकडे मागितले, तर आठवडाभर घरी बसवला त्याला. ठाऊक नाही तुला?"

तो आठवडा मला आठवत होता. सुट्टी घेतलीय, असं बाबांनी घरी सांगितलं होतं. आईने त्यांच्याकडून स्वयंपाकघराला चुना लावून घेतला होता.

काकांनी आपले दोन्ही हात पुढे केले. तेही तसेच होते. "माझा घ्यायचास फुली मारायला. मी गप्प बसलो होतो. तो नव्हता बसला."

चहा न घेताच ते पाळीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहुलला सांगितलं, "तो हात बदलायचाय. माझ्या वडिलांचा आहे."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "अगं, मग त्या दिवशी बोलायचंस ना."

"विचारलं होतंस तू. मी नाही म्हणाले."

त्याच्यासमोरच मी पट्टीवरचे सगळे थांबे पुसले. एक निळा ठेवला, एक कातडीचा. अंगठीचा पट्टा गेला. हात पुन्हा कुणाचाच राहिला नाही. खालची अक्षरंही बदलली: मोजे मिळाले नाहीत तर मागा.

"हे कारखानेवाले मान्य करतील असं वाटत नाही," मेहुल म्हणाला. "आणि हातही पुन्हा रंगवल्यासारखा वाटतोय."

"वाटू दे."

त्याने फिल्म तशीच पाठवली. उत्तर आलेलं नाही. पंढरीकाकांचा नंबर आईकडून घेऊन ठेवलाय. तो कशाला हवाय, हे तिला सांगितलेलं नाही. फोनही अजून केलेला नाही.