पाहुण्यांच्या बाजूचा बाक

"एका वाक्यात सांग, डेल. आज घ्यायचा की उद्या?"

रस कीगननं पेन टेबलावर टाकलं. तो फेरीमेन या अमेरिकन फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक; खेळाडू निवडताना शेवटचा शब्द त्याचा. गुरुवारची सकाळ होती. ड्राफ्टची पहिली फेरी त्याच संध्याकाळी होती, दुसरी शुक्रवारी. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सगळे क्लब आळीपाळीनं उचलणार. एकदा दुसऱ्यानं उचलला की विषय संपला. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक पोराच्या नावाची चुंबकाची पट्टी होती. वेस हॉगलंड, क्वार्टरबॅक, ही पट्टी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधल्या रेघेवर तिरकी चिकटलेली होती. ती तिथं डेल प्रुइटनंच लावली होती.

"क्वार्टरबॅक आवडला तर थांबायचं नसतं," प्रशिक्षक लोनी बर्क म्हणाला. "पोरगी पसंत पडल्यावर कुणी म्हणतं का, उद्या येऊन विचारतो?"

"तुझी तीन लग्नं झालीत, लोनी. घाईबद्दल तू बोलूच नकोस," रस म्हणाला, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मग तो डेलकडे वळला. "हे बघ. आज मला त्या धिप्पाड टॅकलला घ्यायचंय. समोर त्याच्यासारखी भिंत नसेल तर कुठलाही क्वार्टरबॅक महिन्याभरात स्ट्रेचरवर जातो. तुझा पोरगा उद्यापर्यंत राहणार असेल तर मला दोघंही मिळतील. राहणार नसेल तर टॅकल गेला खड्ड्यात, आजच हॉगलंड घेतो. तुझा शब्द. राहील?"

डेलनं खिडकीकडे पाहिलं. पांढरे होत चाललेले केस, प्रवासानं वाकलेली पाठ. उभा जन्म तो याच क्लबसाठी पोरं हेरत फिरला होता. त्यानं पाहिलेले टॅकल, किकर, बचावातले खेळाडू क्लबनं घेतले; पण ज्याच्या हातातून प्रत्येक चेंडू जातो आणि ज्याच्यावर क्लबची दहा वर्षं उभी राहतात किंवा बसतात, तो क्वार्टरबॅक डेलच्या शोधातून कधी आला नव्हता. हा येऊ शकत होता. आपल्या नावावर एक तरी, एवढंच त्याला हवं होतं.

"राहील," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तीन मोसम जातोय तिथं. माझ्याशिवाय कुणी फिरकलेलं नाही."

हे तो थोड्या अभिमानानं म्हणाला. साउथ डकोटातलं ते छोटं कॉलेज, सपाट माळ, नोव्हेंबरात कान कापणारा वारा. इतर हेरणारे कॉलेजच्या कचेरीत नाव सांगून, क्लबचं जाकीट घालून, वरच्या काचेच्या खोलीत बसतात. डेल तिकीट काढून आत जायचा आणि पाहुण्या संघाच्या बाजूला, सगळ्यात वरच्या बाकावर बसायचा. आपण कुणासाठी आलोय हे कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्याचा जुना शिरस्ता. मोटेलातही तो नाव सांगून गप्पा मारत नसे. डायनरमध्ये काउंटरवर एकटा जेवायचा, टीव्हीकडे तोंड करून. त्याची बायको सोडून जाताना म्हणाली होती, "तू आयुष्यभर ज्यांच्याकडे टक लावून बघतोस ना, त्यांना तुझं नावही माहीत नसतं." 

संध्याकाळी फेरीमेननं टॅकल घेतला. दोन क्वार्टरबॅक गेले, पण हॉगलंड राहिला. रसनं जाताना डेलच्या खांद्यावर थाप मारली. डेल घरी गेला, दोन अंडी फोडून तव्यावर टाकली आणि ओट्याजवळ उभ्यानंच खाल्ली. मग भांडं धुताना तो शिट्टी वाजवत होता, हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

शुक्रवारी दुसरी फेरी पुढं सरकत गेली. क्लबची पाळी जवळ आली की ज्यानं तो पोरगा हेरला त्यानं त्याला फोन लावायचा आणि बोलत राहायचं, म्हणजे ऐनवेळी पोरगा हाताशी राहतो. का फोन केला, ते मात्र सांगायचं नाही. आता फेरीमेनच्या आधी फक्त मेसन्स क्लबची पाळी उरली होती. रसनं मान हलवली. डेल फोन घेऊन कोपऱ्यात गेला.

"वेस? डेल प्रुइट बोलतोय. फेरीमेन."

"हो सर! ए, गप्प बसा रे सगळे! सॉरी सर. अर्धं गाव स्वयंपाकघरात बसलंय. आईनं ओव्हनमध्ये तीन प्रकारच्या हॉटडिश भाजून ठेवल्यात, आणि मी अजून एकीलाही हात लावलेला नाही."

"थोडं खा. रात्र मोठी आहे."

"आईपण तेच म्हणतेय." पोरगा हसला. "सर, एक विचारू? तुम्ही पाहुण्यांच्या बाजूला का बसायचात? तिथं तर सगळा वारा तोंडावर. आई नेहमी म्हणायची, त्या दोघांना कुणीतरी ब्लँकेट नेऊन द्या रे."

"कुठल्या दोघांना?"

"तुम्ही आणि ते लाल टोपीवाले. थर्मासवाले. आम्हाला वाटायचं तुम्ही दोघं एकाच क्लबचे. मग मार्चमध्ये ते घरी आले तेव्हा कळलं, ते मेसन्सचे. तुमचं नाव आणि क्लबही त्यांनीच सांगितलं."

डेलला लाल टोपी आठवली. पहिल्याच मोसमात त्या माणसानं थर्मासच्या झाकणातून कॉफी पुढं केली होती. "तुमचा कोणता?" डेलनं विचारलं होतं. "सत्तर नंबर. भाचा आहे. तुमचा?" "पुतणी. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते." डेलला भाऊच नव्हता. मग दर वेळी लाल टोपी पुतणीची चौकशी करायची, डेल भाच्याची. सत्तर नंबरचा पोरगा गेल्या वर्षी कॉलेज संपवून गेला होता, तरी शरदात लाल टोपी बाकावर हजर होती. यजमान संघातल्या पोराचा मामा पाहुण्यांच्या बाजूला का बसतो, हाही प्रश्न डेलला पडला नव्हता. तो त्याच्या शेजारी जाऊन बसला होता, आणि कॉफी गरम होती.

त्यानं फोनवर हात ठेवला. "रस. मेसन्सशी पाळीची अदलाबदल जमेल?"

"आत्ता? का?"

"त्यांचा माणूस होता तिथं."

रसनं त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणालास कुणी नव्हतं."

"म्हणालो."

रसनं टेबलावरचा फोन उचलला, कानाला लावून ऐकत राहिला, आणि खाली ठेवला. "उचलत नाहीयेत."

"सर?" कानात वेस म्हणाला. "सर, मला दुसरा एक फोन येतोय. नंतर बघतो. तुम्ही बोला."

डेलनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं; मेसन्सची पाळी सुरू झाली होती. मग म्हणाला, "उचल तो."

"पण तुम्ही..."

"वेस, तो फोन उचल. मी थांबतो."

फोनमध्ये शांतता पसरली. समोर पडद्यावर मेसन्सची खोली दाखवत होते. मधल्या टेबलाशी कोट-टाय घातलेली माणसं. मागे कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एक टकला माणूस फोन कानाला लावून उभा होता. टोपीशिवाय तो म्हातारा दिसत होता. मग वेस हॉगलंडचं नाव पुकारलं गेलं. लोनीनं डोळे मिटले. रस म्हणाला, "चला, पुढचं नाव. वेळ नाहीये," आणि खुर्च्या सरकल्या.

डेलनं फोन ठेवला नाही.

"सर?" पलीकडे आरडाओरडा, कुणाचं तरी रडणं. "सर, तुम्ही अजून आहात?"

"आहे. अभिनंदन. चांगला क्लब आहे. त्यांच्या मैदानावर वारा फार असतो, लांबचा चेंडू खाली ठेवायचा. तुला सवय आहे म्हणा."

"हो सर." पोरगा घुटमळला. "मी त्या लाल टोपीवाल्यांना सांगितलं, मिस्टर प्रुइट दुसऱ्या लाइनवर आहेत म्हणून. तर ते हसले. म्हणाले, त्यांना विचार, ट्रम्पेटवाली पुतणी कशी आहे."

डेलनं पडद्याकडे पाहिलं. तिथं आता दुसरंच काही दाखवत होते.

"बरी आहे म्हणावं," तो म्हणाला. "अजून वाजवते."

फोन खिशात घालून तो फळ्याकडे गेला. मधल्या रेघेवरची पट्टी काढून त्यानं मेसन्सच्या रकान्यात लावली. ती तिरकी लागली, म्हणून बोटानं सरळ केली. मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.